गोटी सापडेपर्यंत

व्हर्लीन स्टकी बाई आमच्या कॉलेजात विमानाचं इंजिन शिकवायच्या. मी शेजारच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम शिकवतो, त्यामुळे त्यांचा आवाज भिंतीपलीकडून रोजचा ओळखीचा. आमच्या विचिटा शहरात प्रत्येकाचा एखादा मामा नाहीतर काका विमानाच्या कारखान्यात असतोच. त्यामुळे पोरं वर्गात येतात तीच आपल्याला सगळं येतं अशा थाटात. बाईंपुढे तो थाट आठवडाभरही टिकायचा नाही. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उशिरा आलेल्या मुलाकडे त्या नुसतं मान वर करून बघायच्या, तेवढ्यानेच तो दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी हजर. केस घट्ट बांधलेले, बोटात अंगठी नाही, अंगावर इस्त्रीचा निळा डगला.

"मी बोलते ते तुम्ही विसराल," त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. "मी करते ते मात्र तुमच्या हाताला लागेल. तेव्हा माझ्या तोंडाकडे नको, हातांकडे बघा."

त्यांच्या वर्गात प्रत्येक हत्याराला कप्प्यात त्याच्याच आकाराची खाच होती. एक खाच जरी रिकामी दिसली तरी इंजिन सुरू करायचं नाही. राहिलेली वस्तू आत फिरत्या भागात गेली तर पुढे काय होतं, हे त्या एकदाच सांगायच्या. तेही अगदी हळू आवाजात, आणि ते पोरांना पुरायचं.

त्या वसंतात एका मोठ्या कंपनीची माणसं मुलांना पारखायला येणार होती. वर्गाने सगळा हिवाळा खपून एक जुनं इंजिन खोलून पुन्हा जोडलं होतं. ते पाहुण्यांसमोर पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं. आमचे विभागप्रमुख ग्रँट ऑल्सब्रूक नवा टाय लावून आले. कोल्बी रेमपेल नावाच्या मुलाच्या आईने कोबी-खिमा भरलेले गरम पाव, म्हणजे बायरॉक, टोपलीभर पाठवले होते. कोल्बीचा हात सोन्याचा, पण डोकं विसराळू. एकदा इंजिनावरच पेचकस ठेवून जेवायला गेला होता, तेव्हापासून वर्गात काही हरवलं की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळायच्या.

पाहुणे काचेपलीकडे उभे राहिले. त्यांचे मुख्य फिनी, पिकल्या मिशांचे, हातात कॉफी. बाईंनी शेवटचा कप्पा ओढला आणि थांबल्या.

"तीन अष्टमांश इंची गोटी नाही."

नट फिरवायच्या पान्याला लावायची ती लोखंडी गोटी, अंगठ्याच्या पेराएवढी.

"व्हर्लीन, पाहुणे उभे आहेत," ऑल्सब्रूक हसत हसत दातांतून बोलले. "पडली असेल कुठे कोपऱ्यात."

"असेल. मग कोपऱ्यातून आणू या."

शोध सुरू झाला. मुलं फरशीवर पालथी पडली, इंजिनाची झाकणं पुन्हा उघडली, मीही आरसा घेऊन मदतीला गेलो. गोटी नाही.

"कोल्बी," बाई म्हणाल्या, "काल ती तुझ्याकडे होती ना?"

"होती, बाई. पण मी जागेवर ठेवली."

"खिसे बघ."

त्याने खिसे उलटे केले. किल्ल्या, च्युइंगम, एक मोडकी पेन्सिल, तुटका चष्मा.

"अरे, संसार घेऊन हिंडतोस की काय!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. काचेपलीकडचे पाहुणेही हसले. कोल्बीचे कान लालबुंद झाले.

"खरंच ठेवली होती, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या. पण त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता.

फिनींनी घड्याळ पाहिलं. ऑल्सब्रूक बाईंच्या अगदी जवळ आले. "आता पुरे. सुरू कर. मी सांगतोय."

"खुर्ची तुझी आहे, ग्रँट. पण इंजिनाच्या कागदावर सही माझी आहे. गोटी सापडेपर्यंत हे सुरू होणार नाही."

असं म्हणून त्या इंजिनाखाली बघायला वाकल्या आणि विजेरी काढायला वरच्या खिशात हात घातला. हात तिथेच थबकला. मी शेजारीच होतो. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडलेला मी पाहिला. ऑल्सब्रूकनाही कळलं.

"उत्तम," ते कुजबुजले. "सापडली एवढंच म्हण. खाली होती."

बाई उठल्या. गुडघे झटकले, सगळ्यांना दिसेल असा तळहात पुढे केला.

"गोटी सापडली. माझ्या खिशात होती. सकाळी झाकणाचा नट मीच आवळला आणि ती खिशात टाकली. कोल्बीने जागेवर ठेवली होती, तिथून मीच घेतली."

मग त्या कोल्बीकडे वळल्या.

"कोल्बी, चारचौघांत तुला खिसे उलटे करायला लावले. आधी माझे बघायला हवे होते. माझं चुकलं. हेही चारचौघांतच सांगते."

आणि त्यांनी आपले सगळे खिसे टेबलावर रिकामे केले. विजेरी, खडू, रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या. आवाजात कंप नव्हता, मान खाली नव्हती. इंजिनाचे भाग समजावून सांगताना बोलायच्या तशाच बोलत होत्या.

कोल्बीने गोळ्यांकडे बघितलं. "बाई, वर्गात खायला बंदी आहे ना?"

"ते प्रकरण वेगळं. त्याचा न्याय नंतर होईल."

या वेळी सगळे हसले, तोही हसला.

झाकणं उघडली होती, म्हणजे तपासणी पुन्हा पहिल्यापासून. बाईंनी त्यातलं एकही पाऊल गाळलं नाही. पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं, ते निघाले. जाताना फिनींनी एक बायरॉक उचलला आणि बाईंशी हात मिळवला, बोलले काही नाहीत. ऑल्सब्रूक मात्र बोलले, दार लावून, बराच वेळ. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? मग मला वर्ग आहे."

त्या कंपनीने त्या वर्षी नेहमीइतकीच मुलं घेतली. कोल्बी त्यांत नव्हता. त्याने पुढे सलायना गावी, शेतांवर फवारणी करणारी विमानं दुरुस्त करणाऱ्याकडे नोकरी धरली, आणि तिथे तो खूश आहे.

पण इंजिन सुरू झालं ते त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, पाहुण्यांशिवाय. कप्पे तपासून झाले. बाई बटणाकडे निघाल्या, तर कोल्बी आडवा आला. हात पुढे करून म्हणाला,

"बाई, खिसे."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग एक एक खिसा बाहेर काढून दाखवला, अगदी शिवणीपर्यंत.

"ठीक आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आता करा सुरू."

इंजिन एकदा अडखळलं, खोकलं, आणि मग असं गरजलं की माझ्या बाजूच्या भिंतीवरचे पत्रे थरथरले. वर्गातली पोरं उड्या मारत होती. बाई हात पाठीमागे बांधून इंजिनाचा आवाज ऐकत उभ्या होत्या.