केशरबाईचा गळा

"पाच वर्सं पेटीत पडली व्हती, तवा कोणाला आठवली न्हाई. आता काहून आठवली?"

पद्माबाई माझं कपाळ पदरानं पुसता पुसता पुटपुटत होत्या. धूळ केव्हाच निघाली होती, तरी घासणं थांबेना. कपाळावर एक लाल डाग आहे, तो काही निघत नाही. तो रंगाचा नाही, कुंकवाचा आहे. त्याची हकिकत सांगताना मला लाज वाटते. पण पेटीत पाच वर्षं गप्प पडून राहिलं की लाजेचाही कंटाळा येतो.

मित्रांनो, मी पांगाऱ्याच्या लाकडाची एक जुनी कळसूत्री बाहुली. नाव केशरबाई. पद्माबाईंच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या नरसिंगमालकांनी, मला कनेरगाव नाक्याजवळ एका बाभळीखाली बसून कोरलं. पांगारा हलका असतो, सूत ओढलं की हात चटकन उचलतो. तोंड त्यांनी अर्धं उघडं रंगवलं, गाता गाता थांबल्यासारखं. ते कधी मिटत नाही आणि त्यातून खरं काही बाहेरही पडत नाही. सोयीचं तोंड आहे.

आमचा खेळ आठवडी बाजारात भरदुपारी लागायचा. खेळात एक बिऱ्हाड होतं, उकंडराव आणि त्याची बायको जनकाबाई यांचं. दर बाजारी त्यांचं नवं भांडण. कधी म्हैस हरवली, कधी सासरा मुक्कामाला आला आणि जाईना. बाया भाजी घेता घेता विचारायच्या, "जनकाबाईची म्हैस घावली का वं?" मग एकदा मालकांच्या मनात आलं, या घरात रानातली एक गाणारी बाई पाहुणी म्हणून यावी. ती मी. मी गायला लागले की उकंडराव भाकरीचा घास तोंडात घालायचा सोडून नाकाला लावायचा. जनकाबाई लाटणं घेऊन धावून यायची, आणि दुसऱ्या ओळीला लाटणं खाली ठेवून माझ्याच शेजारी बसायची. लोक पोट धरून हसायचे, आणि मग हळूहळू गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याचा मला फार अभिमान होता.

पण गळा माझा नव्हता. लाकडाला कुठला गळा? पडद्यामागं सोजराबाई बसायची, मांडीवर तान्ही लेक घेऊन. बौद्धवस्तीतली, रोजानं कापूस वेचणारी बाई. वेचता वेचता ती आपली आपण ओळी जुळवायची, मालकांनी बांधावरून ऐकल्या आणि तिला बोलावून आणलं. खेळ संपला की मालक पडद्याबाहेर येऊन नावं सांगत. "सूत नरसिंगचं, ढोलकी दस्तगीरभाईची, गळा सोजराबाईचा." आपलं नाव आलं की ती लेकीचं टोपडं उगाच नीट करायची. अशी तीन वर्षं चांगली गेली.

मग आम्ही पुसेगावला गेलो. खेळ रंगात असतानाच पाटलांच्या घरून निरोप आला, की त्यांच्या थोरल्या बाईंना, रुख्मिणीबाईंना, गाणाऱ्या बाईची ओटी भरायची आहे. तिला घरी पाठवा, बाहुलीलाही आणा.

त्या दिवशी मालकांनी नावं सांगितलीच नाहीत. ते पद्माबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "तू जा. सोजराबाईला तिथं आधी वस्ती विचारतील, मग पायरीखाली बसवतील. तिचाच अपमान व्हईल."

"आन मी काय सांगू?"

"काही सांगू नको. बसून ये."

मालकांना वाटलं, आपण सोजराबाईला जपलं. खरं तर त्यांनी पुसेगावचा खेळ जपला. सोजराबाईला कोणी विचारलंच नाही, की बाई, तुला जायचं आहे का.

पद्माबाई पाटावर बसल्या आणि मी त्यांच्या मांडीवर. खण, नारळ, तांदूळ ओटीत पडले. रुख्मिणीबाईंनी त्यांना कुंकू लावलं आणि हसून माझ्याही कपाळाला टेकवलं. "गातेस तूच ना गं?" पद्माबाईंनी मान हलवली. "मग एक ओळ म्हण की." "गळा बसलाय जी," पद्माबाई म्हणाल्या. खोटं त्या बोलल्या, मित्रांनो, पण तेव्हा मला वाईट वाटलं नाही. ते कुंकू मला आवडलं होतं. माझी खरी लाज ती आहे.

परत आलो तेव्हा सोजराबाई छकड्याच्या सावलीत लेकीला भरवत होती. तिनं ओटीकडं पाहिलं. "नारळ मोठा हाय," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोचकं घेऊन निघून गेली. आम्ही लोकांना सांगायला लागलो, की पोर आजारी आहे. मी कडुनिंबाच्या पाल्यात पेटीत गेले, आणि पुसेगावच्या बाजूला आमचा छकडा पुन्हा वळला नाही.

आणि आता पाच वर्षांनी त्याच घरून निरोप. रुख्मिणीबाईंची दृष्टी गेली आहे. त्यांना पद्माबाईंचं गाणं एकदा ऐकायचं आहे, आणि खेळात गाणारी ती बाहुलीच उकंडरावाच्या घरी परत आलेली पाहिजे.

दस्तगीरभाई माझी ढिली मान आवळत होते. ते म्हणाले, "भाभी, हिची मान मी बसवतो. गळ्याचं काय करायचं ते तुमी बघा."

"सोजराबाई कुठं हाय, कोणाला ठावं?" मालक म्हणाले.

"वारंगा फाट्यावर. हॉटेलात भाकरी थापून राहिली," दस्तगीरभाई म्हणाले.

"तुला कधीपासून ठावं?"

"पाच वर्सं झाली. कोणी पुसलंच न्हाई."

तेच जाऊन तिला घेऊन आले. मला वाटलं होतं, ती येणार नाही. आली तर चार शब्द सुनावेल. ती आली, हात धुतले, माझ्याकडं बघून म्हणाली, "हिचं बरं हाय. पेटीत बसून गोरी झाली." लेक शाळेत जाते म्हणाली. चहात साखर जास्त झाली म्हणाली. त्या दिवसाचं कोणी काढलं नाही. पद्माबाईंनी फक्त विचारलं, "का आलीस गं?"

"गाऊन पाच वर्सं झाली, बाई."

मालकांचा बेत तयार होता. ते पद्माबाईंना म्हणाले, "म्हाताऱ्या बाईला दिसत न्हाई. सोजराबाई पडद्यामागं गाईल, खेळ संपला की तू त्यांच्याजवळ जाऊन बसायचं. कोणाच्या ध्यानात येणार न्हाई." सोजराबाई मान खाली घालून बांगड्या मागं सारत होती. "चालंल," ती म्हणाली. पद्माबाई पुन्हा माझं कपाळ घासू लागल्या.

पाटलांच्या अंगणात दुपारी पडदा लागला. मी आत आले. उकंडरावानं ठरलेलं विचारलं, "केशरबाई, इतके दिस कुठं व्हता?" त्यावर सोजराबाईनं "माहेरी" म्हणायचं होतं. ती इतका वेळ थांबली, की दस्तगीरभाईंना ढोलकीवर दोन थापा उगाच माराव्या लागल्या. मग म्हणाली, "माहेरी." लोक हसले. आणि तिनं सूर लावला.

कापूस येचिता गं, बोटाला लागे काटा
माझ्या गाण्याला बाई, चारी दिशांनी वाटा

गळा थोडा जाड झाला होता, चुलीच्या धुरानं असेल. पण जनकाबाईचं लाटणं खाली आलं आणि सगळं अंगण गप्प झालं. माझे हात हवेत होते. ते गप्प होणं आपलं म्हणून घ्यायला मला या वेळी जमलं नाही.

बालमित्रांनो, आम्हा बाहुल्यांना जपा. ओल लागू देऊ नका, सूत कुजलं तर बदला. पण टाळ्या वाजवायच्या आधी पडद्यामागं जाऊन विचारा, की गातंय कोण. आम्हाला ते सांगता येत नाही. ज्यांना येतं, ते बऱ्याचदा सांगत नाहीत.

खेळ संपला. मालक बाहेर आले. "सूत नरसिंगचं, ढोलकी दस्तगीरभाईची, गळा..." आणि अडखळले. पद्माबाई मला घेऊन रुख्मिणीबाईंजवळ पोचल्या होत्या. त्या म्हाताऱ्या बाईनं हवेत चाचपडत हात पुढं केला.

"पद्मा, जवळ ये. मला आता दिसत न्हाई. तुझ्या गळ्यावर हात ठेवू दे, आन एक ओळ म्हण. गाणं हाताला तरी कळू दे."

त्यांची सुरकुतलेली बोटं पद्माबाईंच्या गळ्याला लागली. मालकांनी खाली पाहिलं. पडद्याच्या फटीतून सोजराबाई दिसत होती, उठावं की बसावं ते न कळून अर्धवट उभी. पद्माबाईंनी मला जमिनीवर ठेवलं. तो हात आपल्या गळ्यावरून काढून दोन्ही हातांत धरला.

"आई, इथं गाणं न्हाई. तवा बी नव्हतं. तुमच्या पाटावर मी खोटी बसले. गाणारी सोजराबाई हाय, वस्तीवरची. तुमी तिला वर घेणार न्हाई म्हणून आमी तिचं नाव चोरलं."