चौथीची भिंत

"आता ही तीन उदाहरणं पाटीवर सोडवा. बोलायचं नाही," असं तिसरीच्या वर्गाला बजावून काशीनाथ सावे गुरुजी टाचेवर गर्रकन वळले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "हं, चौथी! काल कुठवर आलो होतो?"

समोर चुन्याची पांढरी भिंत होती. भिंतीला एक खिळा होता आणि खिळ्याला काहीच टांगलेलं नव्हतं. चौथीचा वर्ग त्या भिंतीपलीकडे, दुसऱ्या गुरुजींच्या ताब्यात होता.

मागे आधी एकजण फिसकन हसला, मग सगळा वर्ग. व्हरांड्यातून चाललेले हेडमास्तर दारात थांबले. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं.

"सावे, काय म्हणते भिंत?"

"काही नाही, अण्णा. सवय."

"चांगली सवय आहे. भिंत उलट बोलत नाही." अण्णा पुढे गेले. पण जाताना खिळ्याकडे एकदा बघून गेले.

घोलवडच्या बाजूला, समुद्राजवळची, गुरुजींच्या घराजवळची ही मोठी शाळा. फरशी, घंटा, प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली आणि प्रत्येक खोलीला वेगळा मास्तर. अशी शाळा मिळावी म्हणून माणसं वशिले लावत. गुरुजींनी लावला नव्हता. त्यांच्या बायकोने, बकुळाबाईंनी लावला होता. नवरा शनिवारी पाहुण्यासारखा येतो आणि सोमवारी उजाडायच्या आत जातो, मुली त्याला 'या, बसा' म्हणायच्या तेवढ्या बाकी आहेत, हे त्यांनी आपल्या भावाला, महादेवला, इतक्या वेळा ऐकवलं की त्याने शेवटी वैतागून एका मेंबराच्या कानावर घातलं. महादेवची चिकूची वाडी होती. मेंबरालाही चिकू आवडत. जिल्हा परिषद नुकतीच आली होती आणि नव्या मेंबरांना आपला शब्द चालतो की नाही ते बघायचं होतंच. श्रावणात बदलीचा हुकूम आला.

त्याआधीची सगळी नोकरी गुरुजींनी तलासरीकडच्या एका पाड्यावर काढली होती. कुडाची एक खोली, वर कौलं, आत चार इयत्ता आणि मास्तर एक. गुरुजींनी पहिल्याच वर्षी चार भिंतींना चार इयत्ता वाटून दिल्या होत्या. मधोमध आपण उभं राहायचं. एका इयत्तेला शिकवायचं, काम द्यायचं, टाचेवर वळायचं, पुढची इयत्ता. फळा तिवईवर होता, तोही त्यांच्याबरोबर फिरायचा. वळून वळून सारवलेल्या जमिनीत वाटीएवढा खळगा पडला होता. बायका सारवायला आल्या की तो बुजवत नसत; मास्तरची जागा आहे म्हणत आणि हात वळवून बाजूने सारवत.

पोरं 'तोंड' आणि 'पाठ' असे दोनच तास मानत. पाड्यावर घड्याळ नव्हतं, पण कामही अडत नव्हतं. मास्तरचा आवाज तिसरीच्या भिंतीवर आदळू लागला की बायका चुलीकडे जात. आणि गुरुजींच्या पाठीलाच जणू कान होते. पेन्सिलींची कुरकुर ऐकून, मागे न बघता ते म्हणत, "हाल्या, माशी मार आणि लिही."

मोठ्या शाळेत ही पाठ बहिरी झाली. इथल्या मुलांना मास्तर सतत समोर हवा. पाठ वळली की दंगा.

बकुळाबाईंनी उपाय सांगितला. "खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. वळायला जागाच नको."

गुरुजींनी खुर्ची भिंतीला लावली. वळणं थांबलं, पण मान थांबेना. थोडं शिकवून झालं की मान आपोआप डावीकडे. दुसरं असं की, एका इयत्तेला पाव वाटा द्यायची सवय झालेला माणूस, त्याला सगळा दिवस एकाच इयत्तेपुढे सोडलेला. श्रावणात हाती घेतलेलं तिसरीचं पुस्तक मार्गशीर्षात संपलं.

"संपलं?" अण्णांनी चष्मा काढला. "मग परीक्षेपर्यंत काय करणार?"

"पुन्हा पहिल्यापासून घेतो."

"सावे, ही शाळा आहे, पारायण नाही. संक्रांतीनंतर तपासणीला साहेब येताहेत. वर्गात दंगा दिसला, तर मेंबरचा शब्दही तुम्हाला इथं ठेवू शकायचा नाही. आडगावात कुठंतरी टाकतील. घरी सांगून ठेवा."

गुरुजींनी घरी सांगितलं. बकुळाबाईंनी भाताचं पातेलं जरा जोरात ठेवलं, एवढंच. संध्याकाळी वडिलांशेजारी बसून दोघी मुली पाढे म्हणायला लागल्या होत्या, त्याला अजून पुरते चार महिनेही झाले नव्हते.

त्याच रविवारी गुरुजी महादेवच्या वाडीत गेले. चिकूचा बहर होता. झाडाखाली गोणपाट अंथरून मजूर माणसं चिकू निवडत होती: मोठा, मध्यम, बारीक, डागी. करंड्या रेल्वेने जायच्या होत्या.

"अरे, गुरजी!" एकजण ओरडला. पाड्यावरचा धाकल्या. "तू इथं? मोठ्या शाळंत तोंड एका बाजूला ठेवायला शिकलास का नाय?"

"शिकतोय."

"हळूहळू शीक. मान मोडल."

बायका हसल्या. गुरुजीही हसले. मग त्यांनी शाळेचं विचारलं.

"कुलूप," धाकल्या म्हणाला. "तुझ्या मागं एक मास्तर आला. बरा होता बिचारा. ताप भरला, डोलीतनं तलासरीला नेला, तो परत नाय आला. बारकी पोरं अजून ओट्यावर येऊन बसतात. सवयच ती. मोठी कामाला आणली."

"मोठी म्हणजे?"

"म्हणजे चौथी. ती बघ तुझी चौथी."

पलीकडच्या झाडाखाली नवशी, भिकी, तुक्या, सगळे होते. आणि चार करंड्यांच्या मधोमध बसून, फळ उचलून न बघता बरोबर करंडीत टाकत, धाकल्याची रूपी. गुरुजी जवळ गेले. जिभेवर होतं तेच बोलले.

"कुठवर आलो होतो गं?"

रूपीचा हात थांबला नाही. "अपूर्णांक. फळ्यावर रेघ काढलीस, वर एक लिहिलास. खालचा सांगितला नाय, आणि टपाल आलं. मग तू गेलास."

"खालचा म्हणजे छेद."

"आसल," रूपी म्हणाली आणि एक डागी चिकू बाजूला काढला.

"भावोजी, चहा घ्या," तिकडून महादेवने हाक मारली. "आणि पोरांना बोलण्यात गुंतवू नका, गाडी गाठायची आहे."

सोमवारी गुरुजींनी खुर्ची बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली. तिसरीच्या वर्गाचे चार भाग केले आणि चार भिंतींना तोंड करून बसवले. एका भागाला गणित, एकाला शुद्धलेखन, एकाला नकाशा, आणि एकाला स्वतः. मग टाचेवर वळले. पहिले काही दिवस पोरांना गंमत वाटली, पुढे सवय लागली, आणि हळूहळू पाठीमागच्या पेन्सिली ऐकू येऊ लागल्या. दंगा गेला. अण्णा दारातून बघून जात आणि काही बोलत नसत. न बोलणं हे अण्णांचं कौतुक होतं.

संक्रांतीनंतर साहेब आले. तिसरीच्या दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"यांची तोंडं भिंतीकडे का?"

"माझं तोंड त्यांच्याकडे येतं, साहेब," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी कुठल्याही भागातलं कुठलंही पोर उठवलं. पोर उत्तर देऊन खाली बसलं. साहेब खूश झाले. आजवर किती इयत्ता एकत्र घेतल्या ते विचारलं, कुठे घेतल्या ते विचारलं. आणि शेऱ्यात लिहिलं की एका शिक्षकाने अनेक वर्ग कसे चालवावेत याचं असं उदाहरण आपण पाहिलेलं नाही.

शिमग्याच्या आधी हुकूम आला. पाड्यावरची शाळा शिक्षकाअभावी बंद होती. एवढा अनुभवी माणूस हाताशी असताना ती बंद ठेवणं वरच्यांना बरोबर वाटलं नाही.

बकुळाबाईंनी हुकूम मुलीकडून दोनदा वाचून घेतला.

"वाईट काम केलं म्हणून माणसाला हाकलतात हे ऐकलंय," त्या म्हणाल्या. "चांगलं केलं म्हणून हाकललेले तुम्हीच."

"हाकललेलं नाही. नेमणूक आहे."

"मुद्दाम केलंत."

गुरुजी वळकटी बांधत होते. "मी काय केलं? शिकवलं. दंगा गेला."

"दंगा खुर्चीत बसूनही गेला असता. त्या रविवारी वाडीतून आलात, चहा तसाच टाकलात, आणि सोमवारी खुर्ची बाहेर. मी काय आंधळी आहे?"

गुरुजींनी दोरीला एक गाठ जास्तीची मारली. बकुळाबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, त्या कागदात बांधलेली सुकट घेऊन.

"शनिवारी यायचं असलं तर निरोप पाठवा. पाहुण्यांचा भात जास्तीचा टाकावा लागतो."

पाड्यावर बारकी पोरं ओट्यावर होतीच. कुलूप काढल्यावर न सांगता आत गेली आणि आपापल्या भिंतीला बसली. गुरुजी मधोमध जाऊन उभे राहिले. टाचेने खळगा शोधला. तो होता. त्यांनी पहिलीला बाराखडी घेतली, वळले. दुसरीला वाचन दिलं, वळले. तिसरीला नद्या विचारल्या. बाहेर कुणीतरी बाई चुलीसाठी लाकडं मोडू लागली. तिवईवरचा फळा घेऊन गुरुजी पुन्हा टाचेवर वळले आणि हात पाठीमागे बांधून म्हणाले, "हं, चौथी! काल कुठवर आलो होतो?"

कुडाच्या भिंतीखाली सारवण कोरं होतं. चौथी घोलवडच्या वाडीत होती. चिकूचा हंगाम उतरायला अजून अवकाश होता, आणि त्यानंतर वीटभट्ट्या होत्या.

मागे कुणी हसलं नाही. पेन्सिली मात्र थांबल्या.

"तिसरी, कान इकडं नको. लिहा," गुरुजी मागे न बघता म्हणाले. कुरकुर पुन्हा सुरू झाली.

मग त्यांनी खडू घेतला, फळ्यावर रेघ काढली, वर एक लिहिला. खाली चार लिहिले. आणि छेद म्हणजे काय ते, चौथीच्या वाट्याचा वेळ संपेपर्यंत, नेहमीच्या आवाजात सांगितलं. वेळ झाल्यावर फळा उचलला आणि पहिलीकडे वळले.