मुकादमाच्या नंबरावर

मित्रांनो, बॅटरी फुगून पाठ उचकटलेला आणि काचेला तडा गेलेला मी एक जुना टॅब आहे. खर्ड्याच्या पुढे एका आरोग्य उपकेंद्राच्या कपाटात, मुदत संपलेल्या गोळ्यांच्या खोक्याशेजारी सध्या माझा मुक्काम असतो. तक्रार नाही. माझ्या हातून काय चांगलं झालं आणि कोणती चूक झाली, तेवढं सांगतो.

मी पहिल्यांदा सुरू झालो तो नगरच्या एका सभागृहात. टेबलांवर आम्ही दोनशे टॅब मांडलेले होतो आणि परिचारिका आम्हाला तापलेल्या तव्याला लावावा तसा बोटाच्या टोकाने हात लावत होत्या. एक साहेब समजावत होते. माणसाने दवाखाना बदलला की त्याला आजार पहिल्यापासून सांगावा लागे, कारण केसपेपर हरवलेला नाहीतर भिजलेला असे. आता जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या नोंदी एकमेकांना जोडायच्या होत्या. इथे लिहिलेलं तिथे दिसणार होतं, पण रुग्णाने परवानगी दिली तरच. ती परवानगी म्हणजे त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. हा नियम मला फार आवडला होता.

धनश्री सिस्टरांच्या पिशवीत बसून मी गावात आलो. तिथे फोन आणि मेसेज येत, पण नोंदी पाठवण्याइतकी रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर. सिस्टर दिवसभर घरोघर नोंदी करत आणि शेवटी टेकाडावर चढून त्या पाठवत. तोवर नोंदी माझ्याजवळ राहत.

दसरा झाला. ऊसतोडीला जाणारी टोळी निघायच्या तयारीत होती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी चढली होती. सगळ्यांच्या नोंदी जायच्या आधी करायच्या होत्या. सिस्टरांनी मोबाईल नंबर विचारला की कोणी म्हणे रिचार्ज संपलाय, कोणी म्हणे फोन पोराकडं हाय.

शेवटी टोळीचे मुकादम बजरंग पुढे झाले. "सिस्टर, समद्यांचा माझाच नंबर टाका. टोळी माझ्याजवळच असती. काय आलं तर मी सांगीन की."

सिस्टरांना घाई होती. त्यांनी तो नंबर टाकला. एकेचाळीस माणसं आणि नंबर एकच. मला रकाना भरलेला हवा होता, तो भरला होता. प्रत्येक वेळी मी हिरवी खूण दाखवली.

त्यांच्यात पंकजा होती, चार महिन्यांची गरोदर. तिची सासू लंकाबाई हिने पेटीतून घडी फाटत आलेला एक कागद काढला. मागच्या वर्षी एका इंजेक्शनाने पंकजाचं तोंड सुजलं होतं, दम कोंडला होता. त्या इंजेक्शनाचं नाव कागदावर होतं. सिस्टरांनी ते माझ्यात उतरवलं.

"ह्यो कागद संगं देऊ का?" लंकाबाईने विचारलं.

"कशाला? आता सगळं ह्याच्यात आलंय," सिस्टर म्हणाल्या. कागद पेटीत परत गेला, आणि मला थोडा अभिमान वाटला.

जानेवारीत उपकेंद्रात लसीकरण चालू असताना सिस्टरांचा फोन वाजला. पंकजाचा नवरा कल्याण बोलत होता. जिल्ह्याच्या उत्तरेला, साखर कारखान्याजवळच्या एका दवाखान्यातून.

"सिस्टर, पंकजाच्या पायाला कोयता लागलाय. चार दिस झालं. लई ताप हाय, ती बोलंना झालीय. कोंचं इंजेक्शन सोसत न्हाई म्हनून डॉक्टर इचारत्यात. मला नाव ठावं न्हाई."

"अरे, तिच्या नोंदीत आहे ते. डॉक्टरांना बघायला सांग."

मग डॉक्टरीणबाईंनी फोन घेतला. "नोंद आहे, पण उघडत नाही. ओटीपी कुणा मुकादमांच्या फोनवर जातोय. ते दुसरी टोळी आणायला गेलेत आणि फोन बंद आहे."

सिस्टरांनी मला ओढून घेतलं. त्यांनीच केलेली नोंद होती, म्हणून मी ती त्यांच्यापुढे लगेच उघडली. त्यांनी औषधाचं नाव एकेक अक्षर करून दोनदा वाचलं.

"बरं झालं. तेच द्यायला काढलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पंकजाला दुसरं औषध मिळालं. आठवडाभराने ती बसून जेवली, आणि पोटातलं बाळही वाचलं.

पुढे नगरच्या बैठकीत सिस्टरांचा सत्कार झाला. मला वर धरायला लावून त्यांचे फोटो काढले. मला त्या कौतुकाची लाज वाटत होती. तो दिवस रविवार असता आणि सिस्टर गावाला गेलेल्या असत्या, तर माझी हिरवी खूण पंकजाच्या काय कामाची होती? सिस्टरांनाही हेच खुपत असावं. त्या माईकपुढे म्हणाल्या, "नोंद उघडली नाही, ती माझ्या चुकीने. मी एकेचाळीस जणांना एकच नंबर लावला." टाळ्या थांबल्या. मागच्या रांगेतल्या एक परिचारिका हळूच म्हणाल्या, "आमच्याकडंबी तसंच हाय."

एप्रिलमध्ये टोळी परतली. ज्याचा त्याचा नंबर लावायला सिस्टर मला घेऊन दारोदार फिरल्या. मुकादमांना राग आला.

"माझ्यावर इस्वास न्हाई का?"

"आहे ना. पण आजार त्यांचा आहे, बजरंगभाऊ."

पंकजाच्या मांडीवर महिन्याचं लेकरू होतं. कल्याण स्वतःचा नंबर सांगू लागला. सिस्टरांनी त्याला हाताने थांबवलं आणि पंकजाकडे पाहिलं. तिने उशाखालून साधा बटणांचा फोन काढला. जामखेडच्या बाजारातून तिने तो गेल्याच आठवड्यात आणला होता. ओटीपी आला. ती बोट ठेवून आकडे वाचू लागली, पण तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली.

"परत पाठवा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा तिने सगळे आकडे वाचले.

पुढे नवीन टॅब आला आणि मी कपाटात गेलो. माझ्या नोंदी आता त्याच्याकडे आहेत. तेव्हा मित्रांनो, मला पुसा, चार्ज करा असं माझं मागणं नाही. आज घरी गेलात की आईला एवढंच विचारा, दवाखान्यात तिच्या नावापुढे कोणाचा नंबर लिहिलाय.