कोरी पट्टी

कोरी होती पट्टी. तीन बोटं रुंद, पिवळट, कडेने वळलेली... वर जांभळ्या शाईत रॅकचा आकडा, तळाला शेवटाची रेघ, मधे काहीच नाही. आणि कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक, सुबक, जरा उजवीकडे कललेली सही — आनंदा. सहीखाली वेळ, सकाळी साडेसहा. जगदीशला आधी ती सहीच खुपली. पट्टीवर सही करायची तर करावी की चारचौघांसारखी, खरडून. ही काय लग्नाची पत्रिका आहे? त्याने पट्टी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली, आणि मग ती टेबलावर ठेवून तिच्यावर हाताचा पंजा असा दाबून धरला, जसं काही ती कुणी उचलून नेणार होतं.

कारण पट्टी खोटं बोलत होती आणि ते या इमारतीत फक्त त्याला ठाऊक होतं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हे तपासणीचं यंत्र आलं त्याला तीन वर्षं झाली. सगळे त्याला मास्तर म्हणतात, कारण ते हजेरी घेतं. पुढच्या चकतीवर चार आकडे फिरवायचे — कुठला रॅक, कुठली तपासणी — की मास्तर त्या रॅकातल्या एकेका स्विचला हाक मारत जातो, आणि जो बिघडलाय त्याचा आकडा पट्टीवर छापतो. चांगल्यांबद्दल तो बोलत नाही. कोरी पट्टी म्हणजे सगळे शहाणे. आणि आनंदा ती पट्टी पेपर वाचावा तशी वाचतो. वीस आकडे छापून आले तरी एकदा वरून खाली नजर फिरवून म्हणतो, “हे वीस नाहीत दादा, मागची एकच तार गेलीय.” जाऊन बघावं तर मागची एकच तार गेलेली असते. जगदीश मात्र बोट ठेवून ठेवून वाचतो, ओठ हलवत, आणि ओठ हलतात हे त्याला आनंदा समोर असला की जास्तच जाणवतं.

मास्तर यायच्या आधी काय होतं? आधी जगदीश होता! अकरा वर्षं. बाप लालबागच्या गिरणीत मागावर होता, आणि चार मागांतला एक थांबला की त्याला पाठमोरं असतानाही कळायचं. तोच कान पोराला आला. रॅकांच्या मधून नुसतं चालत जायचं, खटखट, किर्रर्र, खट... आणि मधेच थांबून म्हणायचं, इथे. साहेब बाहेरच्या लोकांना आणून दाखवायचे — हा बघा आपला जगदीश. आता साहेब दारातूनच विचारतात, आनंदा कुठे आहे? सकाळी आल्याबरोबर, माझ्या तोंडाकडे बघून, मला विचारतात!

आणि आज दुपारच्या डाकेने एक नाव जायचं होतं. जबलपूरच्या ट्रेनिंगसाठी एकच जागा. जो जाऊन येईल तो सुपरवायझर. नाव आनंदाचं, हे शिपायालासुद्धा माहीत होतं.

म्हणूनच आठ वाजता कामावर आल्यावर, तिसऱ्या रॅकापाशी पाऊल अडलं तेव्हा त्याला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. सगळा रॅक बोलत होता आणि त्यात एक जागा गप्प होती. सत्तेचाळीस. जगदीशने हात लावला — त्याची तारेची गुंडाळी तापलेली. स्विच अडकून पडला होता. मास्तरने हाक मारली तेव्हा तो गुंतलेला दिसला, आणि गुंतलेल्याला मास्तर त्रास देत नाही, कुणी बोलत असेल म्हणून पुढे जातो. न तपासता. न छापता. एका बोटाने खटका वर उचलला की सुटला असता बिचारा, जगदीशने बोट ठेवलंही. खटक्याचं थंड पितळ बोटाला लागलं... आणि आनंदाची रोजची, साडेसहाची ती कललेली सही आठवली. बोट त्याने काढून घेतलं. काढून घेतलं आणि धोतराला नसलेली धूळ पुसली.

आनंद झाला, लपवायचं कशाला? लहान मुलासारखा आनंद झाला. चुकला! आनंदा चुकला!

मग टेबलापाशी येऊन पट्टीवर पंजा दाबून बसलेला असताना हळूहळू दुसरं एक आठवायला लागलं, जे आठवायला नको होतं. मास्तर नवा होता, त्याचं पुस्तक विलायतेहून यायचं होतं (ते अजून येतंच आहे) आणि आनंदा नवा होता, चोवीस वर्षांचा, नायगावच्या चाळीतून चालत यायचा, पायांत फाटक्या चपला. त्याने पहिल्या कोऱ्या पट्टीवर सही करायच्या आधी विचारलं होतं, “दादा, कोरी म्हणजे नक्की ठीक ना?” आणि जगदीशने, कोणी शिकवायला सांगितलं म्हणून फुगलेल्या जगदीशने, सांगितलं होतं — कोरी आली की बिनघोर सही ठोक रे. तेव्हा त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यात पाप नव्हतं. पण वर्षभराने, एका सुट्टीच्या दिवशी एकटाच असताना, चकतीवरून बोट घसरलं आणि चार आकड्यांच्या पुढे एक नऊ फिरला गेला. आणि मास्तरने बिघडलेले तर छापलेच, पण ज्यांना गाठताच आलं नाही असे स्विचही छापले, पुढे एकेक टिंब देऊन. जगदीश त्या टिंबांकडे किती वेळ बघत राहिला होता. मग त्याने ती पट्टी घडी करून खिशात घातली, घरी नेली आणि चुलीत टाकली. राधाने, बायकोने, विचारलं काय जाळलंत, म्हणाला, रद्दी.

सांगितलं नाही. दोन वर्षं. रोज वाटायचं उद्या सांगू, आणि रोज आनंदा काहीतरी असं अचूक बोलायचा की सांगण्याची इच्छाच मरायची. माझ्याजवळ एवढं एक तरी राहू दे... बाकी सगळं त्याचं आहेच.

खालून फोन आला. तक्रारींच्या टेबलावरची सरोजिनी. “जगदीशराव, काळाचौकीच्या डॉक्टरांचा फोन सकाळपासून मेलाय. त्यांचा कंपाउंडर चालत आलाय बिचारा. बघता ना?” तिने नंबर सांगितला. त्या सत्तेचाळीसवरचाच. “बघतो,” जगदीश म्हणाला. आणि बघितलं नाही. उठला आणि कॅन्टीनमध्ये गेला.

कॅन्टीनमध्ये द्विभाषिकावरून वाद चालला होता. मुंबई कुणाची, दिल्लीला काय कळतंय, पुढचा मोर्चा कुठून. कुशाबा, बॅटरीच्या खोलीतला, जगदीशला बघून जागा करत म्हणाला, “काय मग, जबलपूरचं कळलं ना? आता काय, आनंदा नागपूरला जाऊन आला, नवा धर्म, नवी जागा. त्यांचेच दिवस हायत बाबा.” एरवी जगदीश अशा बोलण्यावर उसळायचा. ‘तोंड सांभाळ कुशाबा, त्याच्यासारखी पट्टी वाचून दाखव आणि मग बोल’, असं त्याने पूर्वी दोनदा सुनावलं होतं, आणि ते सुनावताना स्वतःबद्दल बरंही वाटलं होतं. आज त्याने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. ऐकायला गोड लागत होतं. मेल्या, तुला हे गोड लागतंय? लागतंय...

जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा ते दोघे एका चाळीच्या जिन्याखाली तीन तास बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून. आनंदाने आपल्या रुमालाचे दोन तुकडे केले, एक जगदीशच्या कोपराला बांधला. त्यानंतर जगदीशने त्याला गणपतीला घरी बोलावलं. आईने — कमलाबाईने — सगळ्यांना कपबशीतून चहा दिला आणि आनंदाला कान तुटलेल्या, बाजूला ठेवलेल्या कपातून. जगदीशने पाहिलं. जगदीशने पाहिलं हे आनंदाने पाहिलं. तो चहा प्यायला, कप स्वतः मोरीवर नेऊन विसळला, आईच्या पाया पडून गेला. त्या दिवशी शरमेने जीव अर्धा झाला होता. आणि आज, कॅन्टीनच्या बाकावर बसून, मी तो कप पुन्हा पुन्हा आठवतोय आणि मला त्याने बरं वाटतंय. एवढा हुशार, एवढा सुबक — पण माझ्या घरी कान तुटलेला कप. थू तुझ्या जिंदगानीवर!

साडेदहाला सरोजिनीचा पुन्हा फोन. आता आवाज चढलेला. “अहो, चाळीत एक बाई अडली होती, डॉक्टरांना फोन लागेना म्हणून तिचा दीर धावत गेला. नशीब डॉक्टर घरात सापडले. करताय काय तुम्ही लोक वरती?” तो म्हणाला, साहेबांना सांगा. म्हणजे त्याला हे साहेबांपर्यंत जायलाच हवं होतं असं नव्हे — पण जायलाच हवं होतं.

अकराला साहेब आले. पारशी माणूस, मनाने चांगला, मराठी तोडकं. मागोमाग आनंदा, बाह्या दुमडलेला, हाताला बॅटरीच्या खोलीतला वास. कुशाबा आणि आणखी दोघे तिघे दारात.

“आनंदा, हा तुझा सही हाय ना? पट्टी बोलते ठीक, आणि डॉक्टरचा फोन मेलेला. कसा काय?”

आनंदाने पट्टी घेतली, वरून खाली पाहिली. पहिल्यांदाच त्याला काही वाचता येत नव्हतं, कारण वाचायला काही नव्हतंच. त्याच्या कपाळावर घाम आला. जगदीशने तो घाम नीट पाहून घेतला, घाई न करता. मग तो उठला, मास्तरपाशी गेला आणि सगळ्यांदेखत चार आकडे फिरवले. थांबला. आणि पाचवा, नऊ. चकती सावकाश परत आली. मास्तर खटखटत निघाला. पट्टी बाहेर आली, आणि तिच्यावर सत्तेचाळीस, पुढे टिंब.

“टिंब म्हणजे गाठ पडली नाही, साहेब. तपासलंच नाही. नुसत्या कोऱ्या पट्टीवर भरवसा ठेवायचा नसतो.”

“वा रे जगदीश!” साहेबांनी पाठीवर थाप मारली. “आणि आनंदा, तुला कोणी शिकवला, कोरा म्हणजे ठीक?”

आता आनंदा बोलेल. बोल की! बोट दाखव माझ्याकडे, म्हण यांनी — मग मीही ओरडेन, आणि मग आपण दोघं सारखे होऊ... आनंदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, निदान जगदीशला सापडला नाही.

“शिकवायचा काय प्रश्न, साहेब. मी धरून चाललो. माझी चूक.”

माझी चूक. असं, पाणी दे म्हणावं इतक्या सहज. हे जमतं कसं? माझ्या जिभेने छत्तीस वर्षांत हे दोन शब्द एकत्र उच्चारलेले नाहीत, आई शपथ. नाव साहेबांनी तिथल्या तिथे खोडलं, दुसरं घातलं. जगदीश जबलपूरला जाणार. कुशाबाने डोळा मारला. जगदीश वाट बघत राहिला, पोटातली आग आता विझेल, आता थंड वाटेल... आणि ती उलट जास्तच भडकली. जागा मिळाली होती आणि तरी त्या पोराकडे असं काहीतरी होतं जे कोणत्याही डाकेने मिळणार नव्हतं.

सगळे पांगल्यावर तो तिसऱ्या रॅकापाशी गेला आणि खटका उचलला. स्विच खाडकन जागेवर आला. पावलं वाजली, आनंदा मागे उभा होता.

“दादा, एक विचारू? नऊचं तुम्हाला कधी कळलं?”

“हे... गेल्या आठवड्यात,” जगदीश रॅककडे तोंड करूनच म्हणाला. “सांगणार होतो रे.”

“राहून गेलं असेल. गडबड तर असतेच.”

निमित्तसुद्धा त्यानेच पुरवलं. खोटं ओळखून पुरवलं की खरं मानून? जगदीशने मान वळवून पाहिलं. आनंदाने खिशातून एक लहान वही काढली होती आणि ती रॅकाच्या कडेवर टेकवून तो लिहीत होता. लिहून झाल्यावर वही त्याने पुढे केली. “बरोबर लिहिलंय का, बघता?”

‘कोरी पट्टी म्हणजे दोष नाही असे नव्हे. शेवटी नऊ फिरवून खात्री करावी. — जगदीशदादा.’

वाऱ्याने पान उलटलं. मागच्या पानावरही तेच नाव. तापलेली गुंडाळी हाताने कशी ओळखावी — जगदीशदादा. गप्प स्विच कानाने कसा हेरावा — जगदीशदादा. आणखी मागे, तीन वर्षांपूर्वीच्या तारखा, तेच कललेलं बारीक अक्षर, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच माणूस: विचारलं की सांगणारा, सगळं सांगणारा, हातचं काही न राखणारा. आनंदा पेन्सिल धरून उत्तराची वाट बघत होता. त्या वहीतल्या जगदीशचा मला इतका हेवा वाटला, की “बरोबर आहे” एवढं म्हणायलाही जीभ उचलेना.