पडणारी पोरगी

माझी चुलतबहीण पडून पैसे कमावते, असं निमगाव सावातल्या अर्ध्या गावाचं मत होतं. उरलेल्या अर्ध्या गावाला ती माहीतच नव्हती.

श्रेया कॅनडात जन्मली. तिचे वडील, माझे अमृतकाका, तिकडे ट्रक चालवायला गेले आणि तिकडचेच झाले. पोरगी फुटबॉलमध्ये शिरली, फॉरवर्ड झाली. फॉरवर्ड म्हणजे पुढं राहून गोल मारणारी, आणि म्हणून सगळ्यात जास्त लाथा खाणारी. सतराव्या वर्षी क्लबनं पगारावर घेतलं, मग दोन हंगाम पोर्तुगाल, मग परत कॅनडा. दोनदा नाक फुटलं. कोपर लागून वरचा एक दात गेला. तीही काही देवमाणूस नव्हे. एका डिफेंडरला डोक्यानं ढोसून तिची बरगडी मोडली म्हणून चार सामने बाहेर बसली होती.

हे सगळं आमच्या गावाला मोबाईलवर दिसायचं. पण आमचं गाव कुस्तीचं. माझे वडील गेणभाऊ, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, एकेकाळचे नावाजलेले पैलवान. दोन्ही कान मोडलेले, आता आसपासच्या यात्रांमध्ये पंच म्हणून उभे राहतात. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, एवढाच नियम त्यांना माहीत. श्रेयाला कुणी पाय घातला की ती कोलांट्या खात पडायची, रेफ्री शिट्टी वाजवायचा, पेनल्टी मिळायची, ती उठून गोल मारायची. गोल कुणी बघितलाच नाही. दूध डेअरीवर सोमाजी अप्पांना रोज डिवचायचा, "भाऊ, तुमची पोरगी आज बी पडली का? हात न लावता पडती राव, लई गुणाची!" अप्पा घरी येऊन आमच्यावर ओरडायचे.

त्या वर्षी श्रेया माघातल्या यात्रेला आली. मार्चात तिला इंग्लंडला जायचं होतं. तिकडच्या मोठ्या क्लबनं तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. फक्त पायांची तपासणी द्यायची आणि सही करायची. दहा वर्षं ती याच सहीसाठी मार खात होती, हे तिनं मला आल्या आल्या सांगितलं. सांगताना रडली. मीही रडले, मला आनंदच तेवढा झाला होता.

जेवताना अप्पांनी विषय काढलाच. "तू पडती कशाला गं सारखी?"

श्रेयानं ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर एक जागा धड नव्हती. "काका, लाथ येते तेव्हा पाय जमिनीत रोवला तर तो मोडतो. म्हणून अंग सोडायचं आणि पडायचं. मी पडते म्हणून अजून खेळते."

"अंग सोडतो त्यो पैलवान न्हाई."

"मी पैलवान नाहीच आहे."

अप्पांनी ताट सारलं आणि उठून गेले. मला तेव्हाच त्यांचा राग आला होता.

रविवारी दुपारी भैरवनाथाच्या देवळामागं कुस्त्यांचा फड भरला. आता मुलींच्याही कुस्त्या लागतात. पिंपरी पेंढारच्या धनगरांची ऋतिका आली होती, मेंढ्या खांद्यावर टाकून डोंगर चढलेली, मान अशी दिसतच नव्हती. तिला जोड मिळेना. ती हात वर करून आखाड्यात फिरू लागली. कुणाला खेळायचं असेल त्यानं उतरावं, असा त्याचा अर्थ. माईक सोमाजीकडं होता. देवानं त्याला अक्कल दिली नाही, गावानं माईक दिला.

"निमगावात कोनी हाय का न्हाई? आरं, गेणभाऊंची कॅनडावाली हाय की! पन नगं, ती सलामीलाच आडवी व्हईल!"

हजारभर माणूस हसलं. आखाड्याच्या मधोमध पंचाची शिट्टी गळ्यात घालून अप्पा उभे होते. त्यांनी मान खाली घातली. श्रेयानं माझ्या हातातून हात काढून घेतला.

"जाऊ नको," मी म्हटलं. "इंग्लंड आठव."

"दोन मिनिटांत येते," ती म्हणाली आणि बूट काढले. तिचा राग नाकावर, आमच्याच घराण्याचा.

अप्पांना एका शब्दात तिला परत पाठवता आलं असतं. त्यांनी मूठभर माती उचलून तिच्या हातांना चोळली. "पाठ टेकू नगं. बाकी काय बी कर."

हलगी कडाडली. ऋतिकानं मानेवर हात टाकला तो कुऱ्हाड पडावी तसा. श्रेया वाकली, पण उठताना तिचं कपाळ ऋतिकाच्या तोंडावर आदळलं. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून मातीत गळलं. लोक उभे राहिले. ऋतिकानं रक्त थुंकलं, श्रेयाच्या कानफटात पंजा घातला आणि खाली वाकून तिचा डावा पाय उचलला. आता श्रेया एका उजव्या पायावर उभी होती. ऋतिकानं तिला ओढलं, मग गर्रकन फिरवलं.

मैदानावर असती तर श्रेयानं त्याच क्षणी अंग सोडलं असतं. मला दिसलं, तिचे खांदे सैल पडायला लागले होते. तेवढ्यात सोमाजी माईकवर किंचाळला, "पडली, पडली!" तिनं दात आवळले आणि उजवा पाय ओल्या मातीत रोवला. अंग फिरलं, पाय फिरला नाही.

कडकन आवाज झाला. हलगीतूनही मला ऐकू आला.

श्रेया पोटावर पडली आणि ओरडली. तसं ओरडणं मी जनावराचंही ऐकलेलं नाही. ऋतिका नियमाप्रमाणं तिच्यावर चढली आणि उताणं करायला तोच पाय पिळला.

"काका! गुडघा! शिट्टी वाजवा, काका!"

अप्पांनी शिट्टी तोंडात धरलेली होती. वाजवली नाही. ती हातात घेऊन म्हणाले, "ऊठ! नाटकं हितं चालायची न्हाईत!"

लोक हसले. मोबाईलवर जे बघितलं तेच चाललंय, असं सगळ्यांना वाटलं.

ऋतिकाला मात्र हाताला काहीतरी वेगळं लागलं. तिनं वर बघितलं. "पंच, हिचा पाय सैल लागतोय. सोडू का?"

"मी सांगितलं का सोड म्हनून? धर!"

तिनं धरला. अंगानं दांडगी असली तरी वयानं लहान पोर ती, पंचाचं ऐकणार नाही तर काय करणार? श्रेयाचं ओरडणं बंद झालं. ती माती चावत होती, पण पाठ टेकू देत नव्हती.

मी आखाड्याभोवतीचा दोर ओलांडून आत शिरले. अप्पांनी मला ढकललं, मी पडले, उठले आणि त्यांच्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट हिसकावली. दोरीनं त्यांची मान सोलली. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. ऋतिका ताडकन बाजूला झाली आणि हमसून रडायला लागली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण अप्पांनी हात वर केले आणि गर्जले, "पाठ लागली न्हाई! आमची पोरगी पडली न्हाई!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गुलाल उधळला. कुणीतरी श्रेयाच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि चौघांनी तिला खांद्यावर उचललं, त्यात सोमाजी पुढं. पाय गुडघ्याखाली भलतीकडंच लोंबत होता. प्रत्येक पावलाला ती किंचाळत होती आणि हलगीवाला आणखी जोरात वाजवत होता.

देवळाच्या पायरीवर मानाचा नारळ होता. मी तो उचलला आणि सोमाजीच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. दुसरा घाव कानावर बसला, तेव्हा तो खाली बसला आणि मिरवणूक थांबली. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो बघितले. "गुडघ्याला धरून ठेवणारे आतले सगळे दोर तुटलेत, शीरही चिरडलीय. ऑपरेशन करू. पण घाबरू नका, चालता येईल. खेळाचं मात्र नाव काढू नका."

अप्पांनी दोन्ही हात जोडले. "देव पावला!" बाहेर थांबलेल्या माणसांना त्यांनी ओरडून सांगितलं आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कुणीतरी चहा सांगितला. अप्पांनी खाटेपाशी येऊन अमृतकाकांना फोन लावला. "काळजी करू नगं, आमृत. डॉक्टर म्हनालं, पोरगी चालंल."

श्रेयानं छताकडं बघत ते सगळं ऐकलं. मग शेजारचा सलाईनचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी धरला आणि पडल्या पडल्या अप्पांवर फिरवला. फोन उडाला, भुवई फाटली, बाटली फरशीवर फुटली. तिच्या हातातली सुई निसटून चादरीवर रक्त उडालं.

"मला दुसरं काहीच येत नाही!" ती ओरडली. "मला पळता येत होतं, काका! तेवढंच येत होतं!"

मी तिला धरून ठेवलं. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं कपाळावरचं रक्त टिपलं, आमच्या दोघींकडं बघितलं आणि लहान मुलीची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाले, "आगं, पन चालता येनार हाय की तुला."