एक पायरी, एक कापी

धातू तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. थंड धातूतूनही ते ओढून काढता येतात. त्यासाठी निर्वात नळी हवी, प्रचंड विद्युतक्षेत्र हवे आणि सुईचे टोक अतिशय बारीक हवे. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या लहानशा कारखान्यात तशा टंग्स्टनच्या सुया सेतुमाधवराव करीत. कॉस्टिक सोड्यात तार बुडवून, भिंगातून बघत, एकवीस वर्षे. मी नुसती मोजमापे लिहीत असे.

नवी सुई नळीत बसली की व्होल्टेज पायरीपायरीने चढवायचे आणि प्रत्येक पायरीनंतर पेलाभर कॉफी, आमच्याकडची कापी, प्यायची, हा त्यांचा नेम होता. तेवढ्या वेळात टोकाला चिकटलेला वायू निघून जातो.

त्या दिवशी एक्स-रे यंत्रे बनवणारे एक गिऱ्हाईक वेलचेरीहून सुई बघायला आले होते. मालक बालाजीरावांनी सकाळीच बजावले होते, "राव, आज सुई चालली नाही तर उद्यापासून घरी बसा." सेतुमाधवरावांना बासष्टावे लागले होते. घरी पत्नी सरोजाबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचे उपचार कारखान्याच्या विम्यावर चालत.

तिसऱ्या पायरीवर सेतुमाधवराव पेल्यात कापी ओतू लागले.

"बघा सार!" बालाजीराव गिऱ्हाइकाला म्हणाले. "एक सुई, बारा कापी. ही लॅब आहे का हॉटेल?"

गिऱ्हाईक हसले.

"दहाच मिनिटं थांबा, सार," सेतुमाधवराव म्हणाले.

"तुम्ही प्या हो निवांत." बालाजीरावांनी व्होल्टेजचा नॉब स्वतः धरला आणि थेट शेवटपर्यंत फिरवला. नळीत निळसर ठिणगी उडाली. मीटरचा काटा शून्यावर पडला.

"छे! सुईच खराब केली म्हाताऱ्यानं."

सेतुमाधवरावांनी माझ्याकडे बोट दाखवले. "यांना सुई बघू द्या. हे खोटं बोलणार नाहीत."

सुई काढून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सुई करण्यात चूक असती तर टोक फाटके, वेडेवाकडे दिसले असते. तिथे गुळगुळीत गोळी होती, वितळलेल्या धातूची. व्होल्टेज घाईने चढवले की असेच होते. माझ्या वह्यांत अशी कितीतरी चित्रे आहेत.

"काय दिसतं?" बालाजीरावांनी विचारले.

माझे बघणेच चुकत असले तर? पुन्हा डोळा लावला. गोळी तिथेच होती.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

"ऐकलंत? राव, सामान आवरा."

सेतुमाधवरावांनी उरलेली कापी मोरीत ओतली, पेला विसळला, पिशवीत टाकला. जाताना माझ्या टेबलाशी थांबून हळूच म्हणाले, "गोळी होती ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग सुई चांगली होती," ते म्हणाले आणि गेले.

सोमवारी बालाजीरावांनी सेतुमाधवरावांचे भिंग माझ्यापुढे ठेवले. "आता सुया तुम्ही करायच्या. आणि कापी बंद."

मी बरे म्हणालो.