चावी लालबागला

ओट्यावर पालथ्या घातलेल्या ताटलीवर फोन थरथरला, आणि मायाचा नुकता लागलेला डोळा उघडतो की काय म्हणून मी श्वास धरून उभी राहिले. उघडला नाही. तिनं कूस बदलली, अंगठा तोंडात गेला. सहावं लागलं तरी झोपेत अंगठा लागतोच. खोलीत पुन्हा फक्त पंखा.

मेसेज मेघनाचा होता, माझ्या टीम लीडरचा. ‘सलोनी, तुझ्या गावची लाइन दोन वीसला पडली. तासाची सूट आहे. तीन वीसच्या आत परत आली तर टेस्ट चालू राहील.’ पुढे हात जोडल्याचं चित्र.

दोन दिवस आणि वर पाच तास टिकली होती. संध्याकाळी सहापर्यंत टिकली असती, तर जूनपासून आम्ही तिघं एका घरात राहिलो असतो.

माझा नवरा हितेंद्र डिसेंबरात गावी गेला. राजापूरकडे घाटाच्या पायथ्याला आमची वाडी. तिथे पडवीला लागून शेड घातली, कोकमाचं आगळ आणि आमसुलं करायला लागला. ते काम परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून होण्यासारखं नाही. माझं होण्यासारखं आहे. मी विम्याचे क्लेम तपासते, लॅपटॉपवर. कंपनी म्हणाली, खुशाल गावाहून करा, पण तिथली लाइन सलग तीन दिवस नऊ ते सहा टिकवून दाखवा. गावच्या घरात एक लॅपटॉप ठेवायचा, तो तिथून हजेरी देत राहणार. नापास झालात तर पुन्हा सहा महिन्यांनी या. आणि परळच्या शाळेत पहिलीचा फॉर्म भरायची तारीख उद्या संपते. गावच्या शाळेतल्या बाईंनी मायाचं नाव पेन्सिलनं लिहून ठेवलंय. इथे नाव घातलं की वर्ष इथेच.

मी मेसेज दुसऱ्यांदा वाचते तोच हितेंद्रचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे तो सड्यावर चढला होता. आमच्याकडे खाली वाडीत फोनला रेंज नाही, वर कातळावर दोन काड्या येतात.

“लाइट गेली होती, आली. पण इंटरनेटची पेटी बंदच आहे. खिडकीतून बघितलं, आत बटण पडलंय.”

“मग?”

“मग काय, कुलूप. तू गंगाधरकाकांना विचार, तोडू का. मी हातोडा घेऊन सभागृहापाशी थांबतो. हो म्हणाले की लगेच कळव.”

“तू स्वतः विचार ना त्यांना.”

“दोनदा लावला. उचलत नाहीत, दुपारचे झोपतात. तू जा ना. सात मिनिटं तर लागतात तुला.”

“सात तुला लागतात. मला पोर घेऊन वीस लागतात.”

“मग निघ लवकर,” म्हणाला आणि फोन ठेवला.

ज्याला हे कुलूप प्रकरण माहीत नाही त्याला वाटेल, बटण पडलं तर वर करा. इतकं सोपं गावात काहीच नसतं. गेल्या वर्षी सरकारी योजनेतून खांबाखांबावरून इंटरनेटची फायबर केबल वाडीपर्यंत आली. केबलवाल्यानं विचारलं, पेटी कुठे बसवू, छप्पर आणि लाइट पाहिजे. गावचा प्रश्न, म्हणून सभा अर्थातच मुंबईत भरली, आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या लालबागच्या खोलीत. कुणी म्हणालं, शाळेत. कुणी म्हणालं, शाळेत पोरं हात लावतील. मग कुणाला तरी सुचलं, सभागृहात. मुंबईकरांनी बांधलेलं, पक्कं स्लॅबचं, वर मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव. ते गणपतीला उघडतं आणि शिमग्याला. एरवी बंद, कारण पूर्वी चावी गावात होती तेव्हा कुणीतरी आत भाताचा पेंढा भरला होता. तेव्हापासून चावी लालबागला, सेक्रेटरींच्या, म्हणजे गंगाधरकाकांच्या कपाटात.

ठरावाला हात वर करा म्हणाले. आम्ही बायका मागच्या सतरंजीवर. माया मांडीवर चुळबुळ करत होती, तिला शी लागली होती. मला सभा संपायला हवी होती. मी हात वर केला. सगळ्यांनी केला, पण माझा मला आठवतो.

तीन आठवड्यांपूर्वी पेटी बसली. पहिल्याच आठवड्यात बटण पडलं. तेव्हा मंडळाचे एक सभासद लग्नाला गावी जाणार होते, चावी त्यांच्या खिशातून एसटीनं गेली. बटण वर झालं. चावी एसटीनं परत आली. मी म्हटलं, अहो, तिथेच ठेवायची ना. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवाचे दागिने चव्हाट्यावर ठेवा म्हणाले.

मायाला उठवलं. झोपमोड झाली की ती रडत नाही, नुसती जड होते. तिला खांद्यावर टाकली, चप्पल एका हातात, आणि पुलाखालून लालबागच्या दिशेनं निघाले. एप्रिलचं ऊन. वाटेत दोनदा काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद.

तीनला सात मिनिटं कमी असताना मी मंडळाच्या खोलीत पोचले. काका जागे होते. गंगाधरकाका म्हणजे मिलमध्ये माझ्या सासऱ्यांच्या खात्यातले, मिल बंद पडेपर्यंत शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले. बनियनवर, समोर पेपर, फोन कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला, पालथा.

“काय गो सूनबाय, ह्या वेळाक?”

मी उभ्याउभ्याच सांगितलं. पेटी, बटण, तीन वीस.

“बस आधी. पोरीक पाणी दे.”

“काका, वेळ नाहीये.”

“पाणी पियाक काय तास लागता?”

मी बसले. माया त्यांच्या चौकडीच्या लुंगीकडे बघत पाणी प्यायली. काकांनी डब्यातून गुळाचा खाजा काढून तिच्या हातावर ठेवला, मग चष्मा लावला, मग म्हणाले, “कुलूप तोडूचा म्हणजे ठराव व्हयो. एकट्या सेक्रेटरीक अधिकार नाय.”

“सभा बोलवायला पंधरा दिवस लागतात.”

“आठ. तातडीची आठ दिवसात.”

“माझ्याकडे पंचवीस मिनिटं आहेत, काका.”

“तुझ्या कंपनीन नियम केलो तो पाळतंस ना? मग आमचो पण नियमच आसा.”

ते चिडले नव्हते, हेच जास्त त्रासाचं होतं. त्यांनी रजिस्टर काढलं, माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. अर्ज लिही म्हणाले, म्हणजे निदान कागद तरी असेल. मी लिहायला लागले. ‘मा. सेक्रेटरी यांस’. माया खाज्याचा चुरा कागदावर पाडत होती. ‘विषय’ लिहिल्यावर माझा हात थांबला. विषय काय लिहू. मी पेन ठेवलं.

“काका, ही डिसेंबरपासून बापाला फोनमध्ये बघतेय. परवा तो बोलताना चित्र अडकलं, तर ही वाट बघत बसली. म्हणाली, बाबाचं तोंड उघडं राहिलंय, कुणीतरी मिटवा.”

मायानं मान हलवली. “राहिलं होतं.”

काका तिच्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे.

“माझी पोरां गावाक वाढली,” ते म्हणाले. “मी गणपतीक जाय आणि शिमग्याक जाय. धाकटो माका बघून आयशीच्या मागे लपा. चार-पाच दिवसांनी बाहेर येय, तोवर माझी रजा संपा.” त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला. “आता बापूस गावाक आणि पोर मुंबैक. उलटा झाला, पण झाला तांच.”

घड्याळात तीन दहा.

“तोड म्हणून सांग,” काका म्हणाले. “कुलूपच तोड म्हण, कडी नको. कडी माझ्या हातची बसवलेली आसा. मंडळाक काय सांगूचा ता मी बघतंय.”

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाले, “आधी फोन कर गो.”

फोन लावला. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.’

पुन्हा लावला. तेच.

आणि मग माझ्या लक्षात आलं. तो सभागृहापाशी उभा होता. खाली. वाडीत. गेले तीन आठवडे पेटी चालू असल्यामुळे तो तिच्या वायफायवर घरातून, शेडमधून, विहिरीवरून बोलायचा. सड्यावर चढायची सवय त्याची मोडली होती आणि ते लक्षात ठेवायची माझी. ‘मी सभागृहापाशी थांबतो, लगेच कळव.’ मीही बरं म्हणून निघाले होते. ज्या पेटीवर कळवायचं ती कुलपाआड, आणि कुलूप तोडायला कळवायचं पेटीवर.

“काय झाला?” काकांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी स्वतःचा फोन चार्जिंगवरून काढला आणि वाडीतल्या एकेकाला लावायला लागले. शेवंतीला लावला, गुरवाला लावला, पोलीसपाटलाला लावला. सगळे संपर्क क्षेत्राच्या बाहेर. “वाडी मेली काय सगळी,” पुटपुटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी एकीकडे मेघनाला मेसेज केला, दहा मिनिटं वाढवून मिळतील का. तिचं लगेच आलं, ‘सिस्टम आपोआप बंद करते गं, माझ्या हातात नाही.’

तीन वीस झाले. काहीही झालं नाही. काका अजून गुरवाला फोन लावत होते. एकविसाव्या मिनिटाला मेल आला, विषय इंग्रजीत, मजकूर दोन ओळींचा. पुढची चाचणी ऑक्टोबरमध्ये. मी काकांच्या हातावर हात ठेवला, म्हटलं, राहू दे आता.

हितेंद्रचा फोन पावणेचारला आला. धापा टाकत होता, पळत चढला असणार.

“काय म्हणाले काका? मी तिथेच उभा होतो कधीचा.”

“तोड म्हणाले.”

“खरं? थांब, मग मी पळत जातो, लगेच...”

“हितेंद्र. वेळ गेली.”

मग हळूच म्हणाला, “हातोडा हातात होता गं माझ्या. एका घावात तुटलं असतं.”

मला खूप काही म्हणायचं होतं. त्याला, मंडळाला, सतरंजीवर हात वर करणाऱ्या सगळ्यांना, त्यात मलाही. काका समोर होते, माया समोर होती. “उद्या फॉर्म भरते परळचा,” एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला.

काकांनी माझा अर्धा लिहिलेला अर्ज घडी करून रजिस्टरमध्ये ठेवला. का, कुणास ठाऊक. मी मायाचं तोंड पदरानं पुसलं, चप्पल घातली. जिना उतरताना ती माझं बोट धरून एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरत होती, आणि मधल्या वळणावर थांबली.

“आई, बाबाकडे हातोडा होता?”

“होता.”

“आणि कुलूप तिथेच होतं?”

“हो.”

“मग त्यानं न विचारताच का नाही तोडलं?”